गणपतीकडे दयेचा अर्ज

फाशी द्यायला मला कधीच फार वेळ लागला नाही. न्यायालय नको, पुरावा नको, साक्षीदार तर नकोतच. नवा केलेला रस्ता पुढच्याच आठवड्यात खणणाऱ्याला फाशी. फुटपाथवर दुचाकी घालून वर आपल्यालाच हॉर्न मारणाऱ्याला फाशी. दुपारी जरा डोळा लागला की बेल दाबून ‘मॅडम, पाण्याचं मशीन बसवायचंय का?’ असं विचारणाऱ्याला आधी फटके आणि मग फाशी. माझं माहेर नारायण पेठेतलं. तिथली आम्ही माणसं जन्मतःच न्यायाधीश असतो, फक्त सरकार पगार देत नाही.

नवऱ्याचं अगदी उलट. हा माणूस एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात आयुष्यभर सरळ रेघा मारत बसला आणि तितक्याच सरळ निवृत्त झाला. मी घरात बसल्या बसल्या दिवसाला चार-पाच जणांना लटकवावं आणि त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता ‘हं’ म्हणावं, असा आमचा वारज्यातला संसार. हे ‘हं’ म्हणजे होकारही नाही आणि नकारही नाही. ‘अहो, गॅस बंद केलात का?’ ‘हं.’ आता यातून माणसानं काय समजायचं? उठून जाऊन बघावंच लागतं.

यंदा गणपतीच्या तोंडावर टीव्हीवर ती केस आली. कुठली ते सांगत नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्या माणसानं दोन जीव घेतले होते आणि ते ज्या तऱ्हेनं घेतले ते ऐकून मी गवार निवडता निवडता थांबले. न्यायालयानं त्याला दोषी ठरवलं होतं. शिक्षा काय, ते काही दिवसांनी ऐकवणार होते. पडद्यावर न्यायालयाचं फाटक, पोलिसांची गाडी आणि गाडीमागे धावणारी एक बाई दिसत होती. तिनं पदर पार डोळ्यांवर ओढून घेतला होता. खाली पट्टी आली, आरोपीची पत्नी.

‘रडतीये बघा!’ मी म्हटलं. ‘याला ना, भर चौकात फाशी द्यायला पाहिजे.’

‘तिनं काय केलंय?’ नवरा म्हणाला.

मी चाटच पडले. एका दमात तीन शब्द! ‘काय केलंय म्हणजे? बायको आहे त्याची.’

‘हं,’ म्हणून ते परत पेपरात शिरले.

तोवर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हलकल्लोळ माजला होता. सगळ्यांनाच भर चौकात हवी होती. मग एकानं विचारलं, चौक कुठला? झालं! पुलाखालचा नको, तिथं आधीच संध्याकाळी गाड्या हलत नाहीत. शाळेजवळचा नको, मुलं लहान आहेत. बी विंगमधल्या एकांनी कळवलं की कुठेही द्या, पण पार्किंगची सोय बघून द्या. हे सगळं अगदी गंभीरपणे चाललं होतं बरं का. आमचे सोसायटीचे अध्यक्ष प्रत्येक मजकुराला अंगठा दाखवत होते, कारण गणपती झाले की सोसायटीची निवडणूक होती आणि पार्किंगवाल्यांनाही मत असतं.

त्यात एकच मजकूर वेगळा आला. ‘मला नाही पटत. कोणालाच नको द्यायला फाशी.’ हा आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीचा. ती मूळची अमरावतीकडची, खराडीला कुठल्याशा आयटी कंपनीत जाते. सकाळी निघते ती चेहरा धुऊन आणि परत येते ती चेहरा हरवून. पण जिभेला धार आहे. तिच्यावर सगळे तुटून पडले, तसं तिनं लिहिलं, ‘काका, तुम्ही सगळे मिळून एकाला मारून राहिले, तर मग फरक काय?’ आता त्या एवढ्याशा पोरीला कोण काय बोलणार? मी बोलले. मी लिहिलं, ‘फरक तुला तुझ्या घरात कोणाचं काही झालं की कळेल.’ लिहून झाल्यावर माझं मलाच बरं वाटलं नाही, पण पाठवलेलं होतं.

अध्यक्षांनी यातून राजकारण्याला शोभेल असा तोडगा काढला. गणेशोत्सवात एका संध्याकाळी अभिरूप न्यायालय भरवायचं, विषय ‘फाशी हवी की नको?’ हे लुटुपुटीचं न्यायालय आपल्याकडे जुनं आहे. काळे डगले घालायचे, कुणाला तरी आरोपी करायचं, दोन वकिलांनी भांडायचं, न्यायाधीशांनी निकाल द्यायचा आणि लोकांनी पोट धरून हसायचं. न्यायाधीश अध्यक्ष स्वतःच झाले. सरकारी वकील म्हणून माझं नाव तर कुणी सुचवावंसुद्धा लागलं नाही. आरोपीची वकील समोरची मुलगी. राहता राहिला आरोपी.

आणि इथे ग्रुपवर जी शांतता पसरली! जे दोनशे वेळा फाशी फाशी करत होते, ते सगळे एकाएकी गावाला गेले. एकाचा घसा बसला. पार्किंगवाल्यांची पाठ धरली. कारण कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं, आणि शेवटी तळमजल्यावरच्या मावशींनी ते उघड म्हटलं. या मावशी म्हणजे आमच्या गणपतीच्या सगळ्या सोवळ्याओवळ्याच्या सर्वाधिकारी. त्या म्हणाल्या, ‘अहो, भरल्या सणाचं देवासमोर माणसाला फाशी म्हणायचं? वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो!’

तुम्हाला माहीत असेलच. घरात अभद्र बोलू नये, कारण वास्तुपुरुष दिवसभर ‘तथास्तु, तथास्तु’ म्हणत बसलेला असतो, आणि नेमकी कुठली वेळ साधेल ते सांगता येत नाही. माझी आई कणीक संपली तरी ‘संपली’ म्हणायची नाही, ‘वाढली’ म्हणायची. आम्ही विज्ञान शिकलेली माणसं. आम्ही यावर हसतो आणि मग हळूच ‘वाढली’ म्हणतो. तर टीव्हीतल्या माणसाला लटकवताना त्या तथास्तुचं कुणालाच काही वाटलं नव्हतं. आपल्या मानेपाशी आलं तेव्हा मात्र सगळ्यांना वास्तुपुरुष आठवला.

अशा शांततेत एक मजकूर आला. ‘मी होतो आरोपी.’

नाव बघितलं तर माझाच नवरा! पलीकडच्या खोलीत बसून पाठवला होता. मी तरातरा गेले आणि म्हटलं, ‘अहो, डोकं ठिकाणावर आहे का? आत्ता? आत्ता हे सुचतंय तुम्हाला?’

कारण आदल्याच दिवशी आम्ही हॉस्पिटलात जाऊन आलो होतो. त्यांच्या मानेला, कानाच्या जरा खाली, सुपारीएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणूनच डॉक्टरांचा चेहरा बदलला होता, तो मला दिसला. गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता आणि रिपोर्ट यायचा होता नेमका अभिरूप न्यायालयाच्या दुसऱ्या दिवशी. हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या लेकीलाही कळवलं नव्हतं. मानेवरच्या चिकटपट्टीबद्दल विचारलं की ते सांगत, दाढी करताना कापलं. ‘दाढी कानामागे करतात का?’ असं मावशींनी विचारलं, त्यावर ‘हं’.

‘अगं, कुणीतरी व्हायला हवं ना,’ ते म्हणाले. ‘आणि मी असाही निकालाचीच वाट बघतोय. दोन्ही एकदमच होऊन जाईल.’

मी रागानं त्यांच्याकडे बघत राहिले, ते माझ्याकडे बघत राहिले, आणि आम्ही दोघंही फस्सकन हसलो. आता हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, पण ते दिवस आम्ही हसण्यात घालवले. भीती इतकी दाटली होती की ती बाहेर येताना हसू होऊनच यायची. साबणाची वडी हातातून निसटली तरी हसू. कुकरनं चौथी शिट्टी दिली तरी हसू. मी एकदा त्यांच्या मानेकडे बोट रोखून त्या गाठीला दम भरला, ‘लक्षात ठेव, गाठ माझ्याशी आहे!’ तर हे म्हणतात, ‘नाही गं, गाठ माझ्याशी आहे. तुझ्याशी लग्नगाठ.’ आम्ही दोघं स्वयंपाकघरात ओट्याला धरून इतके हसलो की समोरची मुलगी दार वाजवून विचारायला आली, ‘काकू, काय होऊन राहिलं?’

‘सराव,’ मी म्हटलं.

आणि सराव खरोखरच चालला होता. आरोप मीच लिहिला. ‘आरोपीनं आपल्या पत्नीच्या प्रत्येक प्रश्नाला केवळ ‘हं’ एवढंच उत्तर देऊन, थंड डोक्यानं आणि कट रचून, संवादाचा निर्घृण खून केला आहे. सबब त्याला मरेपर्यंत फाशी देण्यात यावी.’ आरोपीला मसुदा वाचून दाखवला. आरोपी म्हणाला, ‘हं.’ पुढे म्हणाला, ‘‘मरेपर्यंत’वर जरा जोर दे.’ मी दिला. तो शब्द पहिल्यांदा म्हटला तेव्हा मी मसुदा बाजूला ठेवला, दुसऱ्यांदा वाक्य पुरं केलं, मग मी तो भाजी ढवळताना म्हणायला लागले. शब्दाचं असंच असतं, तोंडात घोळवत राहिलं की त्याची चव जाते.

प्रसंगाच्या दिवशी दोरावरून घोळ झाला. सजावटवाल्यांनी चांगला जाड सुतळीचा फास करून आणला होता. मावशींनी तो बघितला आणि किंचाळल्याच. ‘काढा आधी! बाप्पाच्या डोळ्यांसमोर?’ मग कुणीतरी शक्कल लढवली की दोराऐवजी झेंडूचा हार घालू. हार घातला. नवरा खुर्चीत बसला, मागे पांढरी भिंत, गळ्यात हार, चेहऱ्यावर ते मंद हसू. सगळ्यांनी त्याकडे एकदा बघितलं. भिंतीवरच्या फोटोत माणूस असा दिसतो. मी पुढे होऊन हार ओढून काढला, तो तुटला, फुलं मंडपभर झाली. मावशी म्हणाल्या, ‘बरं केलंस बाई.’ त्यांना वाटलं मीही त्यांच्याच पंथातली.

शेवटी समोरच्या मुलीनं आपल्या गळ्यातली ऑफिसच्या ओळखपत्राची निळी पट्टी काढली आणि आरोपीच्या गळ्यात घातली. ‘घ्या काका. आम्ही याच्यातच रोज लटकून राहिलो.’ ती पट्टी पास झाली. वास्तुपुरुषाला आयटीतलं काही कळत नसावं, असा सगळ्यांचा समज.

न्यायालय सुरू झालं. मंडप गच्च भरला होता, पोरं पुढे सतरंजीवर, मागे खुर्च्या, आणि मधोमध आमची शाडूची मूर्ती सगळं बघत बसलेली. अध्यक्ष काळा डगला घालून आले. तो डगला म्हणजे त्यांच्या सुनेचा रेनकोट होता. मी साक्षीपुरावे सुरू केले. दूधवाल्यानं साक्ष दिली की आरोपीला ‘उद्या सुट्टी आहे’ सांगितलं, आरोपी ‘हं’ म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी काकूंनी मला झापलं. मी स्वतःच स्वतःची साक्ष घेतली, इकडून प्रश्न विचारायचा आणि पळत तिकडे जाऊन उत्तर द्यायचं. उलटतपासणीत आरोपीला विचारलं, ‘तुम्ही गुन्हा कबूल करता का?’ आरोपी म्हणाला, ‘हं.’ मंडप कोसळला. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, ‘हे कबूल म्हणून लिहायचं की नाकबूल?’ ‘हाच तर गुन्हा आहे महाराज!’ मी ओरडले.

मग मी माझं मोठं भाषण केलं. कायद्यात म्हणतात फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ गुन्ह्याला द्यावी. मी म्हटलं, असा नवरा दुर्मिळातला दुर्मिळ नाही का? बायकांच्या बाजूनं आवाज आला, ‘नाही! घरोघरी आहे!’ माझा मुद्दाच उडाला, पण मी कसली डगमगते. देवाधर्मावर आले. आपल्या सगळ्या देवांच्या हातात शस्त्रं कशाला आहेत? कांदा चिरायला? दुष्टाचं निर्दालन करायला! टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी टाळ्यांचा अंदाज घेतला आणि मान डोलावली.

समोरची मुलगी उठली. तिनं आधी मूर्तीला नमस्कार केला, मग आमच्याकडे वळली. ‘काकूंनी देवाचं काढलं म्हणून मीही काढते,’ ती म्हणाली. ‘हे बाप्पा बसलेत ना समोर, यांना लहानपणी देहदंड झाला होता. गुन्हा काय, तर आईनं सांगितलं म्हणून दारात उभे राहिले. बाप रागात होता. चौकशी केली नाही, डोकं उडवलं. मग आतून आई आली, तेव्हा कळलं, अरे, हा तर आपलाच पोरगा.’ ती थांबली. सतरंजीवरची पोरं पुढे सरकली. ‘प्रत्यक्ष देव होता तो बाप. पण ते डोकं त्यालाही परत बसवता नाही आलं. हत्तीचं आणावं लागलं. आपण कुठून आणायचं?’

अहो, मी जन्मभर ती गोष्ट ऐकत आले. पोरीला झोपवताना सांगितली, चित्रांतून दाखवली. ती गोष्ट अशी आहे हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मावशींनी हात जोडले आणि हळूच म्हणाल्या, ‘खरंच की गं.’ अध्यक्ष अडचणीत आले, कारण टाळ्या आता तिकडे पडत होत्या.

‘सरकारी वकिलांनी शेवटची मागणी करावी,’ ते म्हणाले.

मी उठले. वाक्य तोंडपाठ होतं, भाजी ढवळता ढवळता घोटलेलं. आरोपीकडे बोट रोखलं. निळी पट्टी त्यांच्या गळ्यात, त्या पट्टीच्या वर ती चिकटपट्टी, आणि बरोबर तिच्याखाली ती सुपारी. उद्या दुपारी कुणीतरी पाकीट उघडून वाचणार होतं. ‘सबब आरोपीला,’ मी म्हटलं. पुढचं येईना. ‘सबब आरोपीला म...’ नुसता ‘म’ लागला. लोक हसायला लागले, त्यांना वाटलं हाही नाटकाचाच भाग. आरोपी खुर्चीतून पुढे वाकून मला कुजबुजत सांगू लागला, ‘मरेपर्यंत. मरेपर्यंत फाशी. म्हण की, पाठ आहे तुझं.’ यावर तर मंडप लोळायला लागला. आरोपीच वकिलाला मदत करतोय!

मी मूर्तीकडे बघितलं. हत्तीचं डोकं, बारीक डोळे. म्हटलं, आत्ता जर हा शब्द उच्चारला आणि आत्ताच ती वेळ असली तर? विज्ञान गेलं खड्ड्यात.

‘माझी काही मागणी नाही,’ मी म्हटलं. ‘आरोपीतर्फे गणपतीकडे दयेचा अर्ज करते.’

अध्यक्ष गडबडले. ‘वकीलबाई, राष्ट्रपतीकडे म्हणायचंय तुम्हाला. फाशी झाली की दयेचा अर्ज राष्ट्रपतीकडे करतात.’

‘नाही हो. गणपतीकडेच.’

असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. लोक खुर्च्यांवरून घसरले. राष्ट्रपतीच्या जागी गणपती! काय बाईचा हजरजबाबीपणा! फक्त नवरा हसत नव्हता. त्यांनी गळ्यातली पट्टी काढून मुठीत घट्ट धरली होती. समोरच्या मुलीनं एकदा त्यांच्या मानेकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, आणि तिचंही हसू थांबलं.

निकालाची वेळ आली. अध्यक्षांना कुणीतरी आठवण करून दिली की फाशी लिहिली तर न्यायाधीश पेनाचं टोक मोडतात, तशी पद्धत आहे. त्यांच्या खिशाला निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं सोनेरी टोपणाचं पेन होतं. त्यांनी पेनाकडे बघितलं, मंडपाकडे बघितलं, दोन्ही बाजूंची मतं मनात मोजली आणि म्हणाले, ‘निकाल राखून ठेवण्यात येत आहे.’ प्रसाद वाटला. उत्कृष्ट विनोदी वकील म्हणून मला स्टीलचा डबा मिळाला.

दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात पोळी-भाजी भरून आम्ही हॉस्पिटलात गेलो, कारण तिथं किती खोळंबा होईल ते सांगता येत नाही. वाट बघायच्या दालनात भिंतीवर टीव्ही होता. आणि टीव्हीवर तेच फाटक. त्या माणसाला आज शिक्षा सुनावणार होते. ‘थोड्याच वेळात निकाल’ अशी पट्टी सारखी सरकत होती. सगळे माना वर करून बघत होते. आमचाही निकाल थोड्याच वेळात होता, पण आमची पट्टी कुठे सरकत नव्हती.

ती बाईही होती. फाटकाच्या बाजूला, भिंतीला टेकून. आज पदर डोळ्यांवर नव्हता, सरकला होता. माझ्याहून बरीच लहान असेल. आतून कुणी बाहेर आलं की ती पायाच्या चवड्यांवर उभी राहून बघायची आणि परत टेकायची. इकडे दार उघडलं की मी तेच करत होते. तिच्या हातात पिशवी होती आणि पिशवीतून डब्याची कडी वर आलेली दिसत होती. मी माझा डबा मांडीवर घट्ट धरला. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मी तोवर नुसतं बोलण्यात वापरत होते.

आमचं नाव पुकारलं. डॉक्टरांनी कागद उलटसुलट केला. ‘कॅन्सर नाहीये,’ ते म्हणाले. ‘क्षयाची गाठ आहे. टीबी. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, एक दिवस चुकवायचा नाही, बरी होईल.’

‘सहा महिने सक्तमजुरी,’ नवरा म्हणाला. डॉक्टरांना काही कळलं नाही.

मला मात्र काय झालं कुणास ठाऊक. मी उठून डॉक्टरांचे हात धरले. ‘टीबी आहे! अहो, टीबी आहे यांना!’ म्हणत बाहेर आले. दालनातली माणसं चमकून दूर सरकली. एका बाईनं मुलाला जवळ ओढलं. मी तिला म्हटलं, ‘अगं, टीबी झालाय आमच्याकडे!’ आणि हसत सुटले, ते रडत सुटले, ते परत हसत सुटले. नवरा मागून ‘अगं हळू, हळू’ करत होता आणि त्यांचाही चेहरा लाल झाला होता. माझा जीव भांड्यात पडला, आणि भांडं माझ्या हातातच होतं, बक्षीस मिळालेलं.

तेवढ्यात दालनात टाळ्या वाजल्या. मला वेडीला क्षणभर वाटलं, आपल्यासाठीच. मग बघितलं तर सगळे टीव्हीकडे तोंड करून वाजवत होते. पट्टीवर लाल अक्षरांत ‘फाशी’ आलं होतं. माझ्या पर्समध्ये फोन थरथरायला लागला तो थांबेचना, सोसायटीचा ग्रुप. अध्यक्षांनी लिहिलं होतं, ‘अखेर न्याय झाला. आपल्या वकीलबाईंचं विशेष अभिनंदन!’

पडद्यावर गर्दी त्या बाईच्या अंगावरून पुढे धावली, कॅमेरेही धावले. एका कोपऱ्यात ती फाटकाशी खाली बसली. रडत नव्हती. पिशवी सांडू नये म्हणून तिनं आधी ती नीट सरळ ठेवली आणि मग बसली. मग जाहिरात लागली.

त्या माणसाची मला आजही दया येत नाही. विचारलंत तर खोटं सांगणार नाही. समोरची मुलगी अजून अधूनमधून विचारते, ‘काकू, आता तुमचं मत काय?’ आणि मी म्हणते, ‘निकाल राखून ठेवलाय.’ ग्रुपवर मी त्या दिवशी एवढंच लिहिलं, ‘आमच्याकडे टीबी निघाला, संध्याकाळी पेढे घ्यायला या.’ त्यावर अध्यक्षांनी अंगठा दाखवला.

रिक्षात आम्ही दोघं चिकटून बसलो होतो. ते माझ्या मांडीवरच्या डब्यावर बोटांनी ताल धरत होते. आम्ही अजून मधूनच फिदीफिदी करत होतो, रिक्षावाला आरशातून बघत होता. पूल ओलांडला आणि मला एकदम आठवलं.

‘अहो,’ मी म्हटलं, ‘तो डबा तिनं त्याच्यासाठीच आणला असेल ना? आत नेऊ दिला असेल का तिला?’

त्यांची बोटं थांबली. त्यांनी ‘हं’सुद्धा म्हटलं नाही.